हॉस्पिटलातला जंतुसंसर्ग आणि पेशंटची सुरक्षितता: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत पेशंटचे नातेवाईक, वॉर्डातल्या सिस्टर आणि छोट्या हॉस्पिटलांचे कर्मचारी जे प्रश्न पुन:पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधीचे बहुतेक प्रश्न नातेवाइकांचे आहेत, नंतरचे कर्मचाऱ्यांचे आणि शेवटचे थोडे अडनिडे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा लिहायची वेळ आली तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'हॉस्पिटलातून इन्फेक्शन झालं' असं म्हणतात, ते नेमकं कशाला?

पेशंट दाखल झाला तेव्हा जो संसर्ग अंगात नव्हता आणि दाखल झाल्यापासून साधारण ४८ तासांनंतर दिसला, तो हॉस्पिटलातला धरतात. ऑपरेशनच्या जखमेला मुदत मोठी असते. ३० दिवसांत जखम पिकली तर ती ऑपरेशनशी जोडतात, आणि सांधा किंवा प्लेट बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत. त्यामुळे घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पू आला, तरी ती हॉस्पिटलला कळवायचीच गोष्ट आहे.

मुख्य प्रकार चार: लघवीच्या नळीमुळे, शिरेतल्या नळीमुळे, व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसात आणि ऑपरेशनच्या जखमेत. चारांपैकी तीन आपण अंगात घातलेल्या नळीमुळे होतात हे लक्षात घ्या. ती नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त.

२. वॉर्डात शिरताच फिनाईलचा वास आला की हॉस्पिटल स्वच्छ समजायचं का?

नाही. वासावरून फक्त फिनाईल वापरलं एवढंच कळतं. फरशीवरून पेशंटला जंतू लागण्याची वाट लांबची आहे. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, लॉकरचं हँडल, बीपीचा पट्टा, दाराची कडी यांना दिवसातून शंभर हात लागतात, आणि नेमक्या याच जागा पुसायच्या राहतात. हॉस्पिटल जोखायचंच असेल तर बेसिनवर साबण आहे का, नळाला पाणी आहे का आणि खाटेशी हँडरबची (हातावर चोळायच्या सॅनिटायझरची) बाटली भरलेली आहे का ते बघा. रिकामी बाटली टांगलेली असेल तर ती शोभेची आहे.

३. हात नेमके कधी आणि कसे धुवायचे?

कर्मचाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, सुई-नळी-ड्रेसिंगसारख्या स्वच्छ कामाआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. सगळ्यात जास्त चुकते ती शेवटची. पेशंटला शिवलंच नाही, नुसता सलाईनचा वेग कमी केला, मग हात कशाला धुवायचे, असं वाटतं.

नातेवाइकांना एवढं पुरे: वॉर्डात शिरताना, भरवण्याआधी, भांडं किंवा लघवीची पिशवी हाताळल्यावर, आणि निघताना.

हँडरब तळहातावर पसाभर नाही, पण तळवा भरेल इतका घ्यावा आणि सुकेपर्यंत २० ते ३० सेकंद चोळावा. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, बोटांची मागची बाजू, अंगठा आणि शेवटी नखांची टोकं या क्रमाने गेलं की काही सुटत नाही. अंगठा आणि नखं सुटणं ही नेहमीची चूक. हात पदराला किंवा सगळ्यांच्या एकाच टॉवेलला पुसले तर धुतलेलं वाया.

४. सॅनिटायझर असेल तर साबण कशाला?

हात स्वच्छ दिसत असतील तर हँडरब जास्त सोयीचा आणि जास्त परिणामकारक. पण तीन ठिकाणी साबण-पाणीच हवं. हाताला रक्त, विष्ठा किंवा चिखल दिसत असेल तेव्हा. पेशंटला जुलाब असतील तेव्हा, कारण काही जुलाबांच्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. आणि संडासाहून आल्यावर. ओल्या हातावर हँडरब घेऊ नये, पाण्याने तो पातळ होतो.

५. सिस्टरच्या हातात हिरव्या बांगड्या आणि मंगळाचा दोरा असतो. चालतं का?

कामाच्या वेळी कोपराखाली काही नसावं: अंगठी, बांगड्या, घड्याळ, दोरा. बांगड्यांखालची कातडी धुतली जात नाही आणि भिजलेला दोरा दिवसभर ओला राहतो. पावसाळ्यात तर तो रात्रीही सुकत नाही. ज्यांना बांगड्या काढणं जमत नाही, त्यांच्यासाठी काही इन्चार्ज सिस्टर एक तडजोड करतात: ड्यूटीवर एकच गुळगुळीत बांगडी, तीही ड्रेसिंगच्या वेळी कोपराकडे वर सरकवायची. हे पूर्ण बरोबर नाही, पण पाळला जाणारा अर्धा नियम न पाळल्या जाणाऱ्या पूर्ण नियमापेक्षा बरा. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र ही सवलत नाही.

६. डॉक्टरांना किंवा सिस्टरना 'हात धुतले का' विचारणं उद्धटपणाचं नाही का?

शब्द कसे निवडता त्यावर आहे. 'हात धुतले का?' हे झडतीसारखं वाटतं. 'सिस्टर, हँडरब इथे आहे हं, हवा तर घ्या' असं म्हणत बाटली पुढे केली तर कोणाला लागत नाही आणि काम होतं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले, तरीही सहकारी दुखावलेच. तेव्हापासून हा विषय नाजूक आहे.

७. प्रत्येक वेळी नाव काय, जन्मतारीख काय, असं का विचारतात? आम्ही तर चार दिवस इथेच आहोत.

कारण खाटा बदलतात आणि नावं जुळतात. सिंधुदुर्गातल्या एका वॉर्डात एकाच वेळी तीन सावंत आणि दोन परब असणं काही नवल नाही. त्यात दोघींचं नाव सुनीता असेल तर रक्ताची पिशवी चुकायला तेवढं पुरतं. म्हणून औषध, रक्त, तपासणीचा नमुना आणि ऑपरेशन यांआधी दोन खुणा जुळवतात: पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा केसपेपरचा नंबर. खाटेचा नंबर ही खूण नव्हे.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. 'तुम्ही परब ना?' असं विचारलं तर कमी ऐकू येणाऱ्या आजी कशालाही मान डोलावतात. 'आजी, तुमचं नाव सांगा' असं विचारायचं. रक्त चढवताना दोघांनी मिळून पिशवी आणि केसपेपर जुळवायचा असतो. पिशवी रक्तपेढीच्या फ्रिजमधून निघाल्यावर ३० मिनिटांत लावावी आणि ४ तासांत संपवावी.

८. सलाईनची सुई किती दिवस ठेवायची? दर तीन दिवसांनी बदलायलाच हवी का?

मोठ्या माणसांत ७२ ते ९६ तासांच्या आत नुसत्या वेळापत्रकासाठी बदलायची गरज नसते. पण रोज दोन प्रश्न विचारायलाच हवेत: अजून लागते का, आणि जागा चांगली आहे का? बाटली चालू नाही, इंजेक्शनही तोंडाच्या गोळीवर आलं, तरी 'असू दे, लागली तर' म्हणून ठेवलेली सुई ही सगळ्यात वाईट सुई.

लाली, सूज, ठणका, शीर दोरीसारखी कडक लागणं, बाटली आपोआप मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच सांगा. पट्टीवर सुई घातल्याची तारीख असावी. औषध देण्याआधी तिचं तोंड स्पिरिटच्या ताज्या कापसाने १५ सेकंद घासून सुकू द्यायचं असतं. नुसतं टेकवून उपयोग नाही.

एक अपवाद: हायवेवर अपघात झाला आणि १०८ च्या गाडीत घाईत सुई लावली, तर ती ४८ तासांच्या आत बदलावी. तिथे जीव वाचवणं महत्त्वाचं असतं, कातडी नीट साफ झालीच असेल असं धरता येत नाही.

९. लघवीची नळी घातली आहे. आम्ही काय सांभाळायचं?

पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. एक्स-रेला नेताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून ट्रॉली ढकलतात. तेवढ्यात पिशवीतली लघवी उलटी जाते. नेण्याआधी ती रिकामी करा आणि ट्रॉलीच्या कडेला खाली अडकवा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. भांडं प्रत्येक पेशंटचं वेगळं, आणि पिशवीचं तोंड भांड्याला लागू द्यायचं नाही. नळी मांडीला पट्टीने चिकटवलेली असावी, म्हणजे ओढ बसत नाही. नळीजवळची जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुवा, मलम लागत नाही. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नका.

आणि रोज राउंडला विचारा: 'आज काढता येईल का?' बऱ्याच नळ्या राहतात त्या केवळ कोणी विचारलं नाही म्हणून.

१०. ऑपरेशनआधी घरूनच केस काढून यायचं का? आणि आणखी काय?

वस्तरा फिरवू नका. वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात आणि रातोरात तिथे जंतू वाढतात. केस काढायची गरज असेल तरच, आणि तेही क्लिपरने, शक्यतो ऑपरेशनच्या थोडं आधी. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ. नखं काढा, मेंदी आणि नेलपेंट पुसा, कारण बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्यावरून नीट वाचत नाही. बिडी-सिगारेट जमलं तर चार आठवडे आधीपासून बंद. साखर ताब्यात ठेवा. २०० च्या वर गेलेल्या साखरेत जखमा पिकतात. अँटिबायोटिकचा डोस चिरा देण्याच्या साधारण तासभर आधी लागतो. आदल्या दिवशी दिलेला डोस त्या कामाचा नाही.

थिएटरमध्ये तीनदा उजळणी होते: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. १९ मुद्द्यांची ही यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे. उजवं-डावं असं काही असेल तर जागेवर पेनाने खूण करतात. ती तुम्ही शुद्धीत असताना, तुम्हाला विचारून झाली पाहिजे.

११. घरी टाक्यांना हळद लावली तर?

नको. स्वयंपाकातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या डागाखाली लाली दिसत नाही. टाके कोरडे ठेवा. पावसाळ्यात ड्रेसिंग भिजलं तर त्याच दिवशी बदलून घ्या, कारण ओली पट्टी जंतूंना आत ओढते. ताप, वाढता ठणका, वास, पू, टाक्यांभोवती पसरणारी लाली, यांतलं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

१२. गणपतीला मुंबईहून सगळे आलेत. दहा जणांनी भेटायला जायला काय हरकत?

एका वेळी दोघं, आणि खाटेवर बसायचं नाही. सर्दी-खोकला, जुलाब किंवा ताप असलेल्याने बाहेरूनच विचारपूस करावी. लहान मुलांना आणू नये. कांजिण्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण आपल्याकडे कडुनिंब बांधून घरात ठेवतात आणि बाहेर बोलत नाहीत. कांजिण्या हवेतून पसरतात. घरात कोणाला आल्या असतील तर खपल्या धरेपर्यंत त्याने कोणालाही भेटायचं नाही, आणि घरातल्या इतरांनीही बाळंतिणीच्या वॉर्डात जायचं नाही.

घरचा डबा चालतो, पण पेज सकाळची संध्याकाळी आणि माशाचं सार थर्मासशिवाय दोन तासांहून जास्त ठेवू नये. पेशंटला पथ्य असेल तर सिस्टरला दाखवल्याशिवाय डबा उघडू नका.

१३. बाळाच्या नाळेला तेल-राख लावतात, जन्मल्यावर मधाचं बोट देतात. बंद करायचं का?

हो, दोन्ही. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा. राख आणि शेणाने धनुर्वाताचा धोका येतो. मध एक वर्षाच्या आतल्या मुलाला मुळीच देऊ नये, त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा लकव्यासारखा आजार होऊ शकतो. बाळ घेण्याआधी प्रत्येकाने हात धुवावे, आजीनेही. सगळ्यात चांगलं म्हणजे बाळ आईच्या छातीशी आणि आईचंच दूध.

१४. शेजारच्या खाटेवर लेप्टोचा पेशंट आहे. आम्हाला लागेल का? माकडताप, डेंगीचं काय?

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. तो उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या भेगांतून शिरतो. शेजारी बसून धोका नाही, पण पेशंटच्या लघवीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. खरा प्रश्न हा की तुम्हीही त्याच कुणग्यात लावणीला उतरला होता का? तसं असेल आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही असेल, तर तपासून घ्या. डॉक्सिसायक्लिनची आठवड्याला २०० मिलिग्रॅमची गोळी जोखमीचं काम करणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. भेटायला आलेल्यांसाठी ती नाही.

माकडताप गोचिडीतून येतो. दोडामार्ग भागात तो २०१६ पासून माहीत आहे. खाटेवरून खाटेवर तो जात नाही, मात्र या पेशंटचा रक्ताचा नमुना हाताळणं धोक्याचं आहे. लॅबला आधी कळवायचं आणि नमुना तीन आवरणांत पाठवायचा. डेंगीचा पेशंट मच्छरदाणीत हवा, दिवसाही. वॉर्डातला डास त्याला चावून तुम्हाला चावला तर हॉस्पिटलातच डेंगी मिळतो.

१५. टीबीच्या पेशंटच्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवा म्हणतात. आषाढात कसं शक्य आहे?

टीबीचे कण हवेत तरंगत राहतात, म्हणून हवा बदलणं हेच औषध. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या मिटून विरुद्ध बाजूच्या उघड्या ठेवायच्या, आणि बाहेर हवा फेकणारा पंखा लावायचा. आत हवा येण्याची फट आणि बाहेर जाण्याची फट समोरासमोर हवी. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, एसीही तेच करतो. पेशंटने साधा सर्जिकल मास्क लावायचा, त्याच्याजवळ जाणाऱ्याने एन-९५. उलटं करतात ते चूक. एन-९५ कपाळाला आणि हनुवटीला अडकवायचा दागिना नव्हे.

१६. ब्लीचिंगचं द्रावण नेमकं किती घालून करायचं?

टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. १ टक्का द्रावणासाठी लिटरला ३० ग्रॅम. क्लोरीन २५ टक्क्यांवर आला असेल तर ४० ग्रॅम लागतात, २० टक्क्यांवर ५० ग्रॅम, आणि २० च्या खाली गेलेली पावडर वापरू नये. तयार हायपोक्लोराइट ५ टक्के असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. ओढ्याच्या पुराचं गढूळ पाणी नको, गाळलेलं स्वच्छ पाणी घ्या.

आपल्याकडची अडचण पावडरीच्या साठवणीत आहे. दमट हवेत ती गोळा होते आणि क्लोरीन उडून जातो. जून ते सप्टेंबर उघडी पोती ठेवणं म्हणजे चुना साठवणं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून वर, लोखंडापासून लांब. द्रावण रोज सकाळी नवं करा आणि बाटलीवर वेळ लिहा.

अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायच्या द्रवात ते कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये मावशी बेशुद्ध पडण्याचं हे ठरलेलं कारण आहे.

१७. फरशीवर रक्त सांडलं, तर आधी पुसायचं की आधी औषध ओतायचं?

हातमोजे घाला. सांडलेल्यावर जुनं कापड किंवा कागद टाका, म्हणजे पसरत नाही. त्यावर १ टक्का द्रावण (प्रश्न १६) ओता, किमान १० मिनिटं थांबा, मग गोळा करून पिवळ्या पिशवीत टाका, आणि ती जागा पुन्हा पुसा. काचेचे तुकडे हाताने उचलू नका, चिमट्याने उचला. घाईत नेमकी दहा मिनिटांनाच कात्री लागते. लगेच पुसलं तर फडकंच जंतू पसरवतं.

१८. ऑटोक्लेव्हची टेप काळी झाली. सामान निर्जंतुक झालं ना?

टेप काळी झाली म्हणजे सामान मशीनमध्ये गेलं होतं. आत वाफ पोचली का, हे ती सांगत नाही. गठ्ठ्याच्या मधोमध ठेवलेली रासायनिक पट्टी थोडं जास्त सांगते, आणि आठवड्यातून एकदा जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी खरं काय ते सांगते.

१२१ अंश आणि १५ पौंड दाबाला कापडात गुंडाळलेल्या सामानासाठी ३० मिनिटं. मोजायला सुरुवात तापमान गाठल्यावर, बटण दाबल्यावर नव्हे. मध्येच लाइट गेली तर गेलेली मिनिटं धरायची नाहीत, पुन्हा शून्यापासून. ड्रमची भोकं आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढताना बंद. हे उलटं झालं की काळी टेप असूनही सगळं वाया. ड्रम खच्चून भरू नका, दोन गठ्ठ्यांमध्ये हात सरकला पाहिजे.

आणि पावसाळ्याचा मुख्य शत्रू: ओला गठ्ठा. बाहेर काढल्यावर ओला लागला तर तो निर्जंतुक नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत जातात. चक्र संपल्यावर सुकवण्याची वेळ द्या, गरम ड्रम थंड ओट्यावर ठेवू नका. सुकलेले गठ्ठेही भिंतीला टेकवून ठेवू नयेत, आपल्या भिंती श्रावणात घाम गाळतात.

१९. हत्यारं गंजतात. समुद्राच्या हवेमुळे का?

काही अंशी. खारी हवा स्टीलला त्रास देते, पण जास्त गंज आपण स्वतः आणतो: कात्र्या-फोर्सेप ब्लीचिंगच्या पाण्यात तासन्‌तास बुडवून किंवा सलाइनमध्ये ठेवून. दोन्हींतला क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतो, आणि त्या खड्ड्यांत रक्त अडकतं. वापरल्यावर रक्त सुकू न देता डिटर्जंटच्या पाण्यात ब्रशने घासा, जोड उघडून. साध्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, जोडाला हत्यारांचं तेल द्या, मगच ऑटोक्लेव्ह. आधी साफ न केलेलं हत्यार कितीही वाफवा, मळाखालचे जंतू सुटू शकतात.

२०. स्पिरिटचा कापूस वाटीत भिजवून दिवसभर वापरला तर काय बिघडतं?

स्पिरिट उडतं, कापूस कमजोर होतो आणि बोटं बुडवल्याने वाटीत जंतू येतात. लागेल तेव्हा कोरडा कापूस घेऊन त्यावर स्पिरिट ओता. बहुडोस बाटलीला (जागा बधिर करायचं लोकल, इन्सुलिन) उघडल्याची तारीख लिहा. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर २८ दिवसांनी ती फेकायची. बाटलीच्या बुचात सुई टोचून ठेवू नये. सुई बदलली पण सिरिंज तीच, हाही एक सिरिंज दोघांना वापरण्याचाच प्रकार आहे.

२१. इन्सुलिनचे युनिट बरोबर घेतले, तरी साखर पडली. असं का?

बाटली आणि सिरिंज जुळली नसेल. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं (मिलिलिटरला ४० युनिट) मिळतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर ५० युनिट जातात. ४० चं नारिंगी टोपीने २० पर्यंत घेतलं तर फक्त ८. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० चं असतं, त्यातून सिरिंजने कधीच ओढू नका. कपाटात दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच खणात नकोत.

२२. सुई टोचली. आता?

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीचिंग लावू नका. डोळ्यात उडालं असेल तर भरपूर पाण्याने. मग लगेच इन्चार्जना कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करतात, २८ दिवस घ्यायचं असतं. रात्रीची वेळ असेल तर सकाळची वाट पाहू नये. एचआयव्हीचा धोका हजारात ३ इतका, कावीळ-बीचा (हिपॅटायटिस बी) कितीतरी जास्त, म्हणून कावीळ-बीची लस (०, १ आणि ६ महिने) आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी आधीच करून ठेवा. आकडा १० च्या वर हवा. लस घेतलेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा) निर्णय २४ तासांत.

टोपी परत लावताना सगळ्यात जास्त टोचतं. लावूच नका; हब कटर (सुई कापायचं यंत्र) खाटेपाशी न्या.

२३. कचऱ्याच्या रंगांत नेहमी गोंधळ होतो. आणि दरड कोसळून गाडी आलीच नाही तर?

२०१६ च्या नियमांप्रमाणे: पिवळ्यात अवयवांचे भाग, रक्ताने माखलेला कापूस-ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये प्लास्टिक: सलाईनची नळी, बाटली, लघवीची पिशवी, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. पांढऱ्या भक्कम डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच आणि धातूचे इम्प्लांट. नेहमीच्या चुका दोन: हातमोजे पिवळ्यात आणि जेवणाचा डबा लालमध्ये.

शरीराचे भाग आणि रक्ताळलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही. घाट बंद पडून ते अशक्य झालं तर कचरा सुरक्षित ठेवायची तजवीज करून, कारण लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. मागच्या आवारात पुरणं किंवा जाळणं हा मार्ग नव्हे. खोल खड्ड्याची परवानगी दुर्गम भागासाठीच असते, आणि भूजल खड्ड्याच्या तळापासून ६ मीटर खाली असावं लागतं. ज्या गावात जुलैत विहीर काठापर्यंत भरते, तिथे ते जमणं कठीण.

२४. थिएटरमध्ये दर आठवड्याला फॉर्मेलिनचा धूर द्यायची पद्धत आहे. चालू ठेवावी का?

नको. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे, आणि न पुसलेल्या टेबलावर धूर देऊन मळ जात नाही. प्रत्येक केसनंतर पुसणं, दिवसाअखेरीस धुणं, एसीचे फिल्टर वेळेवर साफ करणं आणि भिंतीवरची बुरशी मुळापासून, म्हणजे गळती थांबवून, काढणं याने जास्त साधतं.

२५. घरी नळी आहे, लघवी गढूळ दिसते. अँटिबायोटिक सुरू करायचं का?

ताप, थंडी, कुशीत ठणका, गोंधळल्यासारखं वागणं असं काही नसेल तर नाही. बरेच दिवस नळी असलेल्याच्या लघवीत जंतू सापडतातच, ते आजारी नसतात. पाणी वाढवा, नळी वाकली नाही ना बघा. लक्षणं असतील आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी नळी बदलतात आणि नव्या नळीतून नमुना घेतात. पिशवीतली लघवी तपासणीला कधीच देऊ नका. इतर काळजी प्रश्न ९ मध्ये.

२६. पेशंटला औषधांना दाद न देणारा जंतू सापडला. आता बांबोळीला (गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात) किंवा कोल्हापूरला न्यायचं आहे. सांगायचं की लपवायचं? सांगितलं तर घेणार नाहीत अशी भीती वाटते.

सांगायचं. लपवला तर तो दुसऱ्या वॉर्डात पसरतो, आणि तुमच्याच पेशंटला चुकीचं औषध सुरू होतं. केसपेपरवर जंतूचं नाव, नमुना कशाचा होता, तारीख आणि कुठलं औषध लागू आहे, या चार गोष्टी लिहून घ्या. लॅबच्या रिपोर्टची प्रत सोबत असू द्या. निघायच्या आधी तिथे फोन झाला पाहिजे. रुग्णवाहिकेतल्या माणसांनाही सांगा, म्हणजे ते गाडी पुसतील. घरी परतल्यावर मात्र वेगळं ताट-पेला किंवा वेगळी खोली लागत नाही. निरोगी माणसाला त्या जंतूचा फारसा त्रास होत नाही. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, जखम झाकलेली असू द्या. पुढच्या वेळी कुठेही दाखल होताना हाच रिपोर्ट आधी दाखवायचा.

रिपोर्ट मिळत नसेल तर लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदांच्या प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.